झिंगूकाकांचा पोलो

आमच्या बोरी अरब गावात झिंगूकाकांच्या स्वेटरला कुणी नुसतं 'स्वेटर' म्हटलं, की त्याची सुटका नव्हती. काका सायकल भिंतीला टेकवत, हनुवटीपर्यंत आलेला गळा दोन बोटांनी चाचपत आणि विचारत, "सुटर तं सारेच घालतेत. याले काय म्हंतेत, सांग!"

मग काकाच सांगत, "पोलो!"

पुढचं ऐकणं भागच होतं. काका पूर्वी कामठीच्या छावणीत साहेबांच्या घोड्यांची निगा राखणारे सईस होते. तिथे घोड्यावर बसून चेंडू टोलवायचा खेळ चाले. खेळणारे असा उंच गळ्याचा स्वेटर घालत, म्हणून त्याला त्या खेळाचं नाव. "अन् शबद साहेबाचा नाही बरं! पार लद्दाखकडचा. तिकडं पोलो म्हंजे चेंडू!" हे होईस्तोवर ऐकणाऱ्याच्या पिशवीतली मेथी सुकून जाई. चैत्र आला तरी तो गळा उतरत नसे. कासम न्हावी वस्तरा हातात धरून वैतागे, "काका, पहले गला खोलो, फिर पोलो बोलो!"

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. धम्मदीक्षा नुकतीच घेतलेली, खिशात कायम पत्रकं. त्या हिवाळ्यात मी स्वतःच एक पत्रक लिहिलं: मालकांनी टाकलेला कपडा अंगाला लावणार नाही. मत आजही तेच आहे. पौर्णिमेच्या सकाळी विहारासमोर लोकांनी मालकांचे जुने कोट, विटकी धोतरं आणून ढीग केला. काका मात्र सायकल घेऊन रिकाम्या हातांनी आले. गळा हनुवटीपर्यंत.

"काका, साहेबाचा स्वेटर काढा," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"साहेबाचा हाय, असं कोन म्हन्लं तुले?"

"मग कुणाचा?"

काकांनी गळ्याची घडी उलगडली. आत राखाडी लोकर संपून लाल लागली होती. टाके वेडेवाकडे.

"घोड्याचा. फाटकी झूल फेकून राह्यले होते, मी घरी आनली. तुया काकूनं उसवून इनला. घोडा बसते का रे तुया पत्रकात?"

सगळे हसले. मी पत्रक उघडून पाहिलं. घोड्याबद्दल त्यात खरंच काही नव्हतं.

ढीग पेटला. काका माझ्याजवळ सरकले. काकू गेली तेव्हा मी पाळण्यात होतो.

"इनता इनता तिनं इचारलं होतं, पोलो म्हंजे काय जी? मी म्हन्लं, पुसून सांगतो. मंग छावणीत लद्दाखचा एक सईस आला, त्यानं सांगतलं. सुट्टी काढून घरी आलो, तं..."

त्यांनी गळा पुन्हा नीट दुमडला आणि सायकलचं हँडल धरलं.

पोलोचं ते पुराण मी चाळीस वेळा तरी ऐकलं होतं. तरी विचारलं, "काका, पोलो म्हंजे काय जी?"

काकांनी सायकल भिंतीला टेकवली.