आमच्या मिलवॉकीला उन्हाळ्यातच या

जुलैच्या थंडीत सिडनीच्या गिरावीन उपनगरात सकाळी आठ वाजता हाफ पँट घालून फिरणारा माणूस एकतर अस्सल ऑस्ट्रेलियन असतो, नाहीतर आमच्या शेजारचे मोकाशी काका. बाकी आम्ही सगळे थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट आणि तोंडाला मास्क अशा बंदोबस्तात कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला निघतो. काकांची हाफ पँट, डोक्यावर मोठ्या काठाची टोपी आणि नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. "काका, सहा डिग्री आहे," एकदा मी कुंपणावरून सांगून पाहिलं.

"इकडे असेल," काका म्हणाले. "आमच्या मिलवॉकीला समर आहे."

उन्हाळा या विषयावर सिडनीतल्या मराठी माणसाचा मुळातच गोंधळ असतो. आपला उन्हाळा एप्रिल-मेचा, इथला डिसेंबरचा, आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचा जुलैचा. त्यामुळे कुणी "उन्हाळ्यात येतो" म्हणालं की कुठल्या ते विचारून घ्यावं लागतं. काकांना विचारावं लागत नाही. त्यांच्या मते जगात खरा उन्हाळा एकच, मिलवॉकीचा, आणि बाकीचे सगळे नुसते उकाडे.

मिलवॉकी हे अमेरिकेतलं एका प्रचंड तळ्याच्या काठचं मध्यम आकाराचं शहर आहे. न्यूयॉर्कला जाणारे तिथे जात नाहीत, आणि शिकागोला जाणाऱ्यांना ते जवळच आहे हे माहीत नसतं. हे अज्ञान दूर करण्याचं काम काकांनी दोन हजार एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये हाती घेतलं. म्हणजे ज्या काळात आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती आणि देशाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागत होती, नेमक्या त्याच काळात काका भेटेल त्याला मिलवॉकीला कसं जावं, कुठे उतरावं आणि काय खावं हे सांगत सुटले. जवळच्या पेंडल हिलच्या इंडियन दुकानाबाहेर अंतर ठेवून लागलेल्या रांगेत आम्ही गव्हाच्या पिठाची वाट बघत असायचो, आणि काका मागून मोठ्या आवाजात सांगायचे, "जुलैत गेलीस तरी जॅकेट ने हं, केतकी. तळ्याजवळ गारवा असतो. आत शहरात शिरलं की मग ऊन."

"नेते," मी म्हणायचे. माझ्या आयुष्यात तेव्हा पिठाखेरीज कुठलीही मोहीम नव्हती.

त्यांचा दुसरा आवडता मंत्र म्हणजे टूरिस्टासारखं वागायचं नाही. तिथल्या गोठवलेल्या कस्टर्डला आइस्क्रीम म्हणायचं नाही, तिथले लोक दुखावतात. चीजचे ताजे खडे मिळतात, ते दाताखाली चुईचुई वाजले पाहिजेत, वाजले नाहीत तर परत करायचे. शुक्रवारी सगळं गाव तळलेले मासे खातं. "मी खात नाही," काका पुढे जोडायचे, "पण जाणाऱ्याने खावेत." तळ्याकाठच्या म्युझियमला पक्ष्यासारखे पंख आहेत, ते उघडतात आणि मिटतात, पण आत जायची गरज नाही, बाहेरूनच छान दिसतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, पाणी प्यायच्या सार्वजनिक नळाला तिथे बबलर म्हणतात. "जसं आपण सिडनीत म्हणतो तसंच. अमेरिकेत इतरत्र कुठे बबलर विचार, लोक तुझ्या तोंडाकडे बघत बसतील. आमच्या मिलवॉकीला विचार, हात धरून नेतील."

त्या वर्षी मराठी मंडळाचे कार्यक्रम झूमवर होते. 'प्रवासातले अनुभव' या सदरात काकांनी तासभर मिलवॉकीवर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्या महिन्यातला सगळ्यात लांबचा प्रवास बेडरूमपासून फ्रीजपर्यंतचा होता. शेवटी कुणीतरी भाबडेपणाने विचारलं, "काका, तुम्ही किती वर्षं होतात तिकडे?"

"वर्षं काय विचारता," काका म्हणाले, "ओळख विचारा." आणि स्वतःला म्यूट केलं.

मला उत्तर माहीत होतं. काका मिलवॉकीला कधीही गेलेले नव्हते.

गेल्या होत्या सुनंदाकाकू. त्यांची मुलगी अनघा तिथे असते. तिच्या बाळंतपणासाठी काकू दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत डिंकाचे लाडू घेऊन गेल्या, उन्हाळ्याच्या आधी परत यायच्या म्हणून. मग जग बंद झालं. ऑस्ट्रेलियाने रोज मोजकीच माणसं आत घ्यायचं ठरवलं आणि विमान कंपन्यांनी काकूंचं नाव प्रत्येक वेळी त्या मोजक्यांतून वगळलं. कधी दोहामार्गे तिकीट निघायचं आणि रद्द व्हायचं, कधी सिंगापूरमार्गे निघायचं आणि रद्द व्हायचं. इकडून काकांनी जायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. बाळ पालथं पडलं, बसलं, चालायला लागलं, तरी आजी काही परत येईना.

एवढं होऊन काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. काकूंची चौकशी केली की म्हणायचे, "मजेत आहे ती. समर आहे तिकडे." मला त्यांचा राग यायचा. काका निवृत्त इंजिनिअर, आयुष्यभर सांडपाण्याच्या पाइपलाइनी आखलेले, आणि संसारही त्याच पद्धतीने केलेला. एका बाजूने सूचना सोडायच्या, त्या आपोआप उतारावरून पुढे जातात असं धरून चालायचं. काकू इथे होत्या तेव्हा दोघं पेंडल हिलला भाजी आणायला चालत जायचे. म्हणजे आधी काका जायचे, आणि बऱ्याच वेळाने त्याच रस्त्याने पिशव्या घेऊन काकू जायच्या. बायको तिकडे अडकलेली आणि हा गृहस्थ तिच्या गावाची जाहिरात करत हिंडतोय, असं मी माझ्या नवऱ्याला बऱ्याचदा ऐकवलं. तो म्हणाला, "नो वरीज, तेवढाच त्यांचा टाइमपास." माझ्या नवऱ्याला कशाचीच वरी नसते.

त्यात काकांच्या चालण्याच्या तऱ्हा. ओढ्याकाठच्या पायवाटेवर कानात इअरबड घालून ते रोज सकाळी फिरायचे. मध्येच थांबायचे. समोर रस्ता नाही, गाडी नाही, एक बदक आहे, तरी काका डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, वाट बघणार आणि मग पुढे जाणार. कधी एका झाडाखाली बराच वेळ नुसतेच उभे. माझी मुलगी खिडकीतून बघून म्हणाली, "मम्मा, देअर इज नो कार. व्हाय इज ही वेटिंग?" लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाचं काहीतरी होतं, मी तिला सांगितलं, आणि माझ्या पाचव्या मीटिंगला गेले.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी त्याच पायवाटेवर होते. काका समोरून येत होते. बागेतल्या बबलरला कोविडमुळे प्लॅस्टिक गुंडाळून पट्ट्या मारल्या होत्या, तिथे ते एकदम थांबले. कानातले बड काढले, फोन हलवला, बटणं दाबली आणि म्हणाले, "मेला."

त्या दिवसांत तो शब्द ऐकायची भीतीच वाटायची. "कोण?"

"फोन गं. तुझा दे. लवकर."

मी दिला. नंबर काकांना पाठ होता. घाईत स्पीकर सुरू झाला आणि सुनंदाकाकूंचा आवाज बागेत आला.

"हॅलो? हू इज धिस?"

"अगं मी. फोन मेला माझा, हा केतकीचा आहे. तू कुठे आहेस?"

"मला काय माहीत मी कुठे आहे? तुमचा तो डावीकडचा रस्ता खणलाय. सगळीकडे पट्ट्या. मग मी आपली मागे फिरले आणि बबलरपाशी उभी राहिले. तुम्हीच सांगून ठेवलंय ना, चुकलीस की बबलरपाशी थांब, मी येतो."

"कुठला बबलर? तळ्याकडचा का शाळेकडचा?"

"हिरवा."

"शाळेकडचा. बाळ?"

"बाबागाडीत झोपलाय."

"ऊन लागतंय तुला?"

"लागतंय."

"मग झाडाखाली हो आधी. घाई नाही. मी आहे," काका म्हणाले. सिडनीच्या थंडीत त्यांच्या उघड्या पोटऱ्यांवर काटा आला होता.

मग त्यांनी डोळे मिटले आणि काकूंना घरी न्यायला सुरुवात केली. शाळेचं कुंपण उजव्या हाताला ठेव. पुढे विटांचं चर्च येईल, पिवळसर विटांचं. त्याच्या पुढे एका घरावर झेंडा आहे, तिथली बाई हाय म्हणेल, तूही म्हण. काकू चालत होत्या तसे काकाही चालत होते, आणि फोन माझा असल्यामुळे त्यांच्या मागे मी. काकूंची चाल सावकाश, म्हणून काकांचीही सावकाश. "थांब," ते मध्येच म्हणाले, "सिग्नल आहे." मिलवॉकीत काकू थांबल्या, गिरावीनमध्ये आम्ही दोघं थांबलो. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

काकू घरी पोचल्या, दार लावल्याचा आवाज आला, तेव्हा काकांनी फोन माझ्याकडे दिला. काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं असावं.

"अनघा आणि जावई दिवसभर कामावर," ते म्हणाले. "ही पहिले कितीतरी महिने घराबाहेर पडलीच नव्हती. रस्ते कळत नाहीत, लोकांचं इंग्लिश कळत नाही. फोनवर काही विचारलं की 'बरं आहे.' तिचं 'बरं आहे' मला माहीत आहे. मग एक दिवस मॅप उघडून बसलो आणि म्हटलं, चल, मी दाखवतो तुला मिलवॉकी."

"आणि ही हाफ पँट?"

"निघताना ती व्हिडिओ लावून बघते मला. गारठलेला दिसलो तर म्हणते घरी जा, आजारी पडाल, आणि फोन ठेवते. म्हणून सांगितलंय, यंदा सिडनीत हिवाळा आलाच नाही."

"आणि त्यांना हे पटलं?"

"तिलाही चालायचं असतं गं," ते म्हणाले.

नोव्हेंबरात सीमा उघडल्या आणि काकू आल्या. मी पोहे घेऊन भेटायला गेले तर काका त्यांना मिलवॉकी समजावून सांगत होते. काकू म्हणाल्या, चर्चच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. काका म्हणाले, कोपऱ्यावर नाही, दोन घरं सोडून. पावणेदोन वर्षं तिथे राहून आलेल्या बाईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हटलं, "बरोबर, दोन घरं सोडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर दोघं फिरायला निघालेले. काका आपले पुढे, काकू बऱ्याच मागे. माणूस काही बदलत नाही, असं मनात म्हणून मी पडदा ओढणार, तेवढ्यात दिसलं की काकांच्या कानात इअरबड आहेत आणि काकूंच्या कानाला फोन. दोघं एकमेकांशी बोलत होते. ते इतकं बोलत होते की मी त्यांना समोरासमोर तेवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यावर या वेळी खरोखरच गाडी येत होती. काका थांबले. मागे न बघता म्हणाले, "थांब. गाडी आहे."

मागे फुटपाथवर काकू थांबल्या. गाडी गेली, रस्ता मोकळा झाला, तरी काका उभेच होते.

"आता ये," ते म्हणाले. काकू सावकाश त्यांच्याजवळ येऊन पोचल्या, आणि मग कानाचे फोन तसेच ठेवून दोघांनी रस्ता बरोबर ओलांडला.