बारा शब्दांची लगड

सोमवारी सकाळी नाथाजींचा फोन हौदात पडला, आणि त्याचा दोष त्यांनी थेट परदेशी सरकारवर ठेवला. कुठल्याशा मोठ्या देशाने आयातीवर कर लावतो म्हटले, मग नाही म्हटले, मग पुन्हा लावतो म्हटले. या घोळात बिटकॉइन चार दिवसांत पाव हिश्शाने उतरला. हौदाच्या कडेला दात घासता घासता नाथाजींनी भाव पाहिला, विकायच्या बटणाकडे बोट नेले, आणि ओल्या हातातून निसटून फोन तळाला गेला.

फोन दुसरा मिळतो, पण खाते त्या फोनात होते. नाथाजी तीस वर्षे कोइमतूरला जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, म्हणजे गलाईचे, दुकान चालवून विट्याला परतले होते. दुकान विकून आलेल्या पैशांतला एक हिस्सा प्रांजलसाठी राखला होता. लेकीला कऱ्हाडात दातांचा दवाखाना घालायचा होता. "बाबा, यात थोडेच घाला," असे तीच म्हणाली होती. भाव चढत होता तेव्हा नाथाजींनी सगळेच घातले.

खाते उघडताना प्रांजलने त्यांना बारा इंग्रजी शब्द लिहून दिले होते. "फोन गेला तर हे शब्द घालायचे. हे हरवले की पैसे गेले. बँकेसारखा अर्जबिर्ज चालत नाही."

आता ज्याचा जन्म भट्टीपुढे गेला, तो कागदावर कसा विश्वास ठेवणार? नाथाजींनी ठशांनी ते बारा शब्द चांदीच्या पत्र्यावर ठोकले, कागद चुलीत घातला आणि पत्रा ट्रंकेतल्या जुन्या चांदीच्या मोडीच्या पुरचुंडीत, तुटक्या पैंजणांशेजारी ठेवला. गलाईवाल्याच्या घरात चांदी लपवणे म्हणजे मांजराला दुधाची राखण देणे, हे त्यांना कळायला हवे होते.

आता ट्रंक उघडली तर पुरचुंडी नाही. बायकोने, मंगलबाईंनी, नव्या समईसाठी मोड गाळायला गावातल्या केरबा गलाईवाल्याकडे धाडल्याचे त्यांना आठवले, आणि ते तसेच अनवाणी केरबाच्या दुकानी पोचले.

"केरबा, आमच्या घरची मोड?"

"परवाच गाळली की. लय झ्याक उतारा पडला."

"त्यात एक पत्रा हुता. अक्षरं ठोकल्याला."

"अक्षरं कोण बघतंय गड्या? आमी वजन बघतो." केरबाने कपाटातून चांदीची लगड काढून त्यांच्या हातात ठेवली. "ही घे. काय आसंल ते ह्यातच हाय."

नाथाजींनी लगड उलटसुलट करून पाहिली. बाराच्या बारा शब्द आत होते, पण वाचता येत नव्हते. कुणाला न सांगण्याची शपथ केरबाला घालून ते घरी आले.

"आवं, अनवाणी कुठं गेला हुता?" मंगलबाईंनी विचारले.

"पाय मोकळं करायला."

नव्या फोनवर भाव तेवढा दिसे. बुधवारी तो आणखी उतरला. रात्री प्रांजलचा फोन आला. "बाबा, घाबरून विकू नका हं. त्या सरकारांचं काही ठरेपर्यंत असंच हलणार."

"न्हाई इकत."

"नक्की?"

"आगदी नक्की."

"केवढा धीर आहे हो तुमचा!"

नाथाजी त्या रात्री भरल्या ताटावरून उठले. लेकीचा दवाखाना आपण आपल्या हाताने भट्टीत घातला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? मंगलबाईंनी विचारले तर म्हणाले, पित्त झालेय.

चौकातल्या पारावर मात्र वेगळेच घडत होते. गावातल्या पाचसहा जणांनी भाव तळाला असताना विकून हात पोळून घेतले होते.

"नाथाजी, तुमी इकलं का?"

"न्हाई."

"भ्या वाटंना?"

"वाटून तरी काय करणार?" नाथाजी खरे तेच बोलले. पारावर मात्र ते फार मोठ्या अनुभवाचे बोल ठरले. "ह्येला म्हंत्यात काळीज!" कुणीतरी म्हणाले, आणि दोघे तर त्यांच्या पाया पडले.

तीन आठवड्यांनी कर तूर्तास थांबवल्याची बातमी आली. भाव उठला आणि चार दिवसांत आधीच्याही वर गेला. सगळे गाव नाथाजींचे अभिनंदन करू लागले, तसा त्यांचा धीर सुटला. देवघरासमोर बसून त्यांनी मंगलबाईंना पहिल्यापासून सगळे सांगितले. सांगताना त्यांना रडू आले.

मंगलबाईंनी ऐकून घेतले. मग यमाईच्या टाकामागे हात घालून हळदी-कुंकवाने माखलेला एक पत्रा काढला. "ह्यो व्हय?"

नाथाजींनी झडप घालून पत्रा हातात घेतला.

"मला वाटलं, तुमी कोइमतूरसनं पूजेचं यंत्र आणलंय. यंत्र मोडीत घालंल का कोण? रोज फूल वाहते मी त्येला."

"मग तीन आठवडं बोलली का न्हाईस?"

"तुमी केरबाला इचारलं. मला कवा इचारलं?"

त्या सोमवारीच पत्रा मिळता तर आपण तळालाच विकले असते, हे नाथाजींना लख्ख दिसले. मग ब्रश आणून ते अक्षरांतले कुंकू काढू लागले.

"आता इका," मंगलबाई म्हणाल्या. "पोरीचा दवाखाना हुंद्या."

"आत्ता? आगं, आत्ता तर चढाय लागलंय!"

"पडताना इकायचं आन चढताना धरायचं. दुकान बी असंच चालवलं का वो?"

नाथाजींनी पत्रा पुन्हा घासायला घेतला, एवढ्यात दारात पारावरची मंडळी आली. "नाथाजी, आता फुडं काय करायचं? इकायचं का ठेवायचं?"

नाथाजींनी हातातल्या पत्र्याकडे पाहिले, मग मंगलबाईंकडे.

"थांबा जरा," ते म्हणाले, "घरात इचारून सांगतो."