पावणेतीनमधला एक

रिलीज काढणं म्हणजे काय गं, एक बटण दाबणं! असं मी सकाळी बायकोला म्हणालो, तेव्हा माझ्या हातात चहा होता आणि डोक्यात हवा.

रिलीज म्हणजे नवी आवृत्ती, तिच्या लायब्ररीची. पुस्तकांची नव्हे, कोडची! कुणीही फुकट घ्यावी, आपल्या प्रोग्रामला जोडावी. काम एकच, घड्याळातली वेळ मराठीत बोलून दाखवायची. सासऱ्यांची दृष्टी गेली आणि "किती वाजले?" असं सारखं विचारायचा त्यांना संकोच वाटू लागला, तेव्हा हिने त्यांच्यासाठी ती लिहिली. आता कुठले कुठले अनोळखी लोक वापरतात. मी काय उगाच हिच्या प्रेमात पडलोय?

"आज बाबांचं गाणं आहे," ती म्हणाली. "दृष्टी गेल्यापासून पहिल्यांदाच स्टेजवर बसणारेत. तीनला गाडी घेऊन येते, त्यांना तयार ठेव. रिलीज मी उद्या काढीन, सगळ्या वेळा कानाने ऐकून."

"अगं, कानाने कशाला? कोड तपासायला टेस्ट आहेत ना! मी काढतो."

"काढ. पण कोडला हात लावू नकोस."

ती ऑफिसला गेली आणि मी कोडला हात लावला.

एका ओळीत घोळ दिसला. पंचेचाळीस मिनिटं झाली की ही बया तासात एक मिळवत होती! घड्याळात दोन, आणि ही म्हणणार तीन? मी तो एक उडवला. टेस्ट धडाधड नापास झाल्या. म्हटलं, बिचाऱ्या टेस्टही चुकल्यात! त्याही दुरुस्त केल्या. सगळं हिरवंगार! आवृत्ती दोन जाहीर! बाबांच्या उशाजवळचं घड्याळ नवी आवृत्ती आपोआप उतरवून घेतं, तेही झालं. मग जेवून मी सोफ्यावर आडवा झालो. बाबांना वेळ सांगायला घड्याळ होतं की!

दुपारी बाबा जागे झाले. बटण दाबलं. घड्याळ गोड आवाजात म्हणालं, "पावणेदोन."

"वा, भरपूर वेळ आहे!" म्हणत ते पुन्हा पांघरुणात शिरले. ते ऐकून मीही कूस बदलली.

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न. बाबांनी बटण दाबलं. "तीन वाजले."

"जावईबापू! एवढ्याशा डुलकीत सव्वा तास गेला हो!"

बायको वर आली तेव्हा बाबा बनियनवर होते आणि मी त्यांचा शर्ट शोधत होतो.

"हे काय, तयार नाही?"

"अगं, आत्ता तर पावणेदोन झाले होते." बाबा पुन्हा पलंगावर बसले. "जाऊ दे, मी नाही येत. डोळे गेले, आता वेळेचंही भान गेलं. कसला गाणार मी!"

तिने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

"पावणेमधला एक काढलास?"

काय ही बाई! ऐकलं एक वाक्य आणि नेमकी ओळ सांगितली!

"तो मला जास्तीचा वाटला..."

"दोन वाजून पंचेचाळीस म्हणजे पावणे किती?"

"पावणे... ती..." पुढचा न घशातच अडकला.

"बाबा, तुमचं भान शाबूत आहे. घड्याळ ह्याने बिघडवलं."

"जावयाने होय!" बाबा ताडकन उठले. "मग चला!"

मी गाडी चालवत होतो. मागे ती एका हाताने बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती, दुसऱ्या हाताने कोड दुरुस्त करत होती.

"त्याच आकड्याने परत टाक ना," मी पुटपुटलो. "कुणाला कळणार नाही."

"जाहीर झालेली आवृत्ती बदलता येत नाही. नवा आकडा लागतो."

मग लॅपटॉप बोलू लागला. "पावणेबारा. बारा. सव्वाबारा. साडेबारा. पाऊण." प्रत्येक वेळेला बाबा "बरोबर!" म्हणत होते, आणि त्यातच त्यांचा गळाही तापला. सभागृहाच्या दारात तिने रिलीज काढलं आणि बाबांना हात धरून आत नेलं. ते असे गायले, असे गायले, की मी माझा गुन्हा विसरलो.

जगाने मात्र विसरू नये अशी सोय तिने केली होती. दोनच्या पुढची आवृत्ती थेट २.७५, म्हणजे पावणेतीन! खाली टीप: "नवऱ्याने काढलेला एक परत ठेवला." आता ती बदलता येत नाही!

बाबा अजूनही बटण दाबतात, वेळ ऐकतात, आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला विचारतात,

"हे तूच लिहिलेलं ना गं?"