आधी बघा

सासऱ्यांसाठी चर्चेचं एक संकेतस्थळ काढून दिलं, तेव्हा आपण पुण्याचं काम करतोय असं जावयाला वाटलं होतं. सासरे निवृत्त घड्याळजी. जुन्या घड्याळांत रमणारी तीनशे माणसं तिथे जमली आणि लंबकाच्या लांबीवरून एकमेकांची सालटी काढू लागली. एकदा पाठवलेला प्रतिसाद बदलता येत नसे, त्यामुळे पाठवून पस्तावणारेही पुष्कळ. पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालायची सोय द्या, असा सगळ्यांनी घोशा लावला. शेवटी एका रविवारी जावयाने 'पाठवा'च्या शेजारी 'आधी बघा' असं बटण बसवलं.

काम लवकर उरकावं म्हणून त्याने एक पळवाट काढली. बटण दाबलं की मजकूर गुपचूप साठवायचा आणि फक्त लिहिणाऱ्याला दाखवायचा. चाचणीसाठी त्याने सासऱ्यांचाच ताजा प्रश्न उघडला. येत्या आठवड्यात महिनाभर मुलीकडे जातो आहे, भिंतीवरची सात घड्याळं कशी बांधून न्यावीत, असं त्यांनी विचारलं होतं.

जावयाच्या अंगावर काटा आला. मागच्या खेपेला ही सातही घड्याळं त्याच्या बैठकीच्या खोलीत लागली होती. प्रत्येकाचा आवाज सुटा ऐकू यावा म्हणून सासरे ती दोन-दोन मिनिटांच्या फरकाने लावत. दुपारचे बारा वाजून संपायला बारा मिनिटं लागत.

"बाबा, घड्याळं आणू नका. खरं तर महिनाभर तुम्हीही येऊ नका," असं त्याने लिहिलं आणि 'आधी बघा' दाबलं. वाचून बरं वाटलं. मग ते खोडून, प्रत्येक घड्याळ वेगळ्या टॉवेलात गुंडाळा, आम्ही वाट बघतोय, असं पाठवून दिलं.

सोमवारी दुपारपर्यंत संकेतस्थळावर रणकंदन माजलं होतं. एकाने लिहिलं होतं, "आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे." त्यावर दुसऱ्याने विचारलं होतं, "गाढव कोणाला म्हणता?" पानभर शोधूनही जावयाला गाढव सापडेना. तासाभराने घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. उत्तर साठवलं गेलं की ज्याला ते दिलं त्याला आपोआप ईमेल जायची, ही व्यवस्था पहिल्यापासूनच होती. कच्चं काय आणि पक्कं काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. माणसं राग लिहून, बघून, खोडून सभ्य होत होती, आणि खोडलेला राग मुक्कामी पोचत होता.

मग त्याला स्वतःची चाचणी आठवली. सासरे दुखावले तर बायको आयुष्यभर बोलून दाखवणार, आणि तिचं चुकणारही नव्हतं.

"बाबांचा काही फोन?" त्याने घरी गेल्यावर विचारलं.

"नाही. पण तुझं ते टॉवेलचं वाचलं. मी रोज वाचते ना तुमचं. किती मायेने लिहिलंस रे."

त्याने संकेतस्थळ उघडलं. सासऱ्यांचं उत्तर आलं होतं, "जावईबापू, युक्ती उत्तम. येतोच." बाबा ईमेल बघतच नसावेत. त्याचा जीव भांड्यात पडला. पण त्याच्या स्वतःच्या ईमेलमध्ये, पाच मिनिटं आधीचं, आणखी एक उत्तर येऊन पडलं होतं.

"जावईबापू, पत्र पोचलं. मलाही यायचं नाही. तुमच्याकडचे ते मऊ गादीचे सोफे माझ्या कंबरेला सोसत नाहीत. पण लेकीला कोण सांगणार? ती पान वाचते, म्हणून नुसतं 'आधी बघा' दाबून लिहितो आहे. तुमच्या बटणाची कळ कुठे अडकली आहे ते सकाळीच लक्षात आलं. सगळ्यांची दुरुस्त करा, आपल्या दोघांची राहू द्या."

जावयाने जेवणाआधी दोनशे अठ्ठ्याण्णव जणांची कळ दुरुस्त केली. मग लिहिलं, "आठ दिवस. दोन घड्याळं," आणि 'आधी बघा' दाबलं.

"बाबांना लिहितोयस?" बायकोने मागून विचारलं.

"हो. कधी एकदा येताय, असं विचारतोय," तो म्हणाला आणि खरोखरच तसं पाठवून दिलं.

थोड्या वेळाने ईमेल आली. "दहा दिवस. तीन घड्याळं. आणि एक लाकडी खुर्ची."