जपानी विरुद्ध वामनमामा

कुकरची शिट्टी फडताळात कुलपाआड गेली, त्याला आठवडा झाला होता. तेव्हापासून डाळ अर्धी कच्चीच ताटात यायची आणि दाताखाली कुरकुरणारी ती डाळ, एवढी एकच आवाज करणारी वस्तू घरात उरली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरून थांबवला होता. कांताबाईंनी, म्हणजे गोपिकाच्या सासूबाईंनी, हातातल्या बांगड्यांवर रुमाल बांधला होता. तिच्या नवऱ्यानं, देवरावांनी, तर सायकलची घंटीच काढून खिशात घातली होती. रस्त्यात कुणी आडवं आलं की ते तोंडानं "टिंग टिंग" म्हणत, आणि घराजवळ आले की तेही कुजबुजून.

हे सगळं चारूसाठी चाललं होतं. चारुशीला चार महिन्यांची होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे गोपिकाच्या माहेरी, उमरेडला झालं. तिथं ही पोरगी अशी झोपायची की दुधासाठी तिचे तळवे चोळून उठवावं लागे. सासरी, धंतोलीतल्या या शांत गल्लीत आल्यापासून मात्र तिचा डोळा लागत नव्हता. लागलाच, तर गोपिकाचं डोकं उशीला टेकेपर्यंत उघडत होता. उमरेडची हवा चांगली, असं कांताबाई म्हणत. पाणी जड, असं शेजारीण म्हणे. आवाजानं उठते, हे देवरावांचं ठाम मत. म्हणून घर दिवसेंदिवस गप्प होत चाललं होतं आणि चारू दिवसेंदिवस मोठ्यानं रडत होती.

"पाह्य वं गोपिका," एक दिवस कांताबाई तिच्या केसांना तेल लावता लावता म्हणाल्या, "मी काही तुले घालवून नाही राहिली. पण तुह्या डोळ्याखाली पाह्य कसं काळं झालं. रविवारपर्यंत पोट्टी झोपली त ठीक. नाही त सोमवारच्या मोटारीनं उमरेडले जा. जराशी मोठी झाली का ये."

बोलणं मायेचं होतं, हीच पंचाईत होती. खाष्ट सासूशी भांडता तरी येतं. डोक्यावर तेल जिरवणाऱ्या सासूशी कसं भांडणार? गोपिकाला जायचं नव्हतं. देवरावांना आत्ता कुठे लेक मिळाली होती. कचेरीतून आले की ते आधी हात एकमेकांवर चोळून ऊन करत आणि मगच तिला उचलत. सतारीच्या रेकॉर्डी म्हणजे त्यांचा जीव की प्राण; पण चारू आल्यापासून एकही वाजली नव्हती. संध्याकाळी एखादी काढायची, फडक्यानं पुसायची, फिरवून बघायची आणि परत ठेवायची.

"ऐका ना एखादी," गोपिका म्हणे.

"ऐकली ना मी. मनातल्या मनात. दुसरी बाजूही झाली."

म्हणून तिनंच खालच्या मजल्यावरच्या भैय्याजींकडे गोष्ट काढली. भैय्याजींचा मेहुणा कुवेतला होता आणि त्यांच्या बैठकीत विलायती यंत्रं देवघरातल्या देवांसारखी मांडलेली असत.

"इतकंच ना वहिनी! हेडफोन लावा म्हणा. कानात सतार, घरात शांतता. माह्याजवळ दोन आहेत, एक जपानी, एक जर्मन. रविवारी दोन्ही आणतो. सोबत जपानी ॲम्प्लिफायर आणतो. भाऊ आरामात तुलना करतीन."

इथवर सगळं बरं होतं. पण बातमी इतवारीच्या बाजारात पोचली. तिथं देवरावांचे वामनमामा रेडिओ दुरुस्त करत, आणि त्यांच्या मते हिंदुस्थानात दोनच माणसांना ॲम्प्लिफायर कळत होता. दुसरा माणूस कोण, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. रविवारी दुपारी भैय्याजींच्या पाठोपाठ तेही जिना चढले. मागे हमालाच्या डोक्यावर एक लाकडी खोकं आणि त्याला जोडलेला मोठा कर्णा.

"काहून रे देवा? मामा जिता असून भाच्याच्या घरी जपानी माल? हा माह्या हातचा आहे. आधी हा ऐक, मंग बोल."

"मामा, हळू बोला," देवराव कुजबुजले. "चारू आत्ताच झोपली."

"मी हळूच बोलून राहिलो!" मामा गरजले. गोपिका आतल्या खोलीत धावली आणि पाळण्याची दोरी धरून बसली. दाराच्या फटीतून तिला बैठक दिसत होती.

भैय्याजींनी नियम सांगितला. ऐकणाऱ्यानं डोळे बांधायचे. कोणतं यंत्र वाजतंय हे कळलं की मन पक्षपात करतं. मग चारूचं धुतलेलं दुपटं देवरावांच्या डोळ्यांवर बांधलं गेलं. त्यावर जपानी हेडफोन चढला, वाटीएवढ्या कानांचा, चांगला वजनदार. रेकॉर्ड लागली. देवरावांचा चेहरा पाहून गोपिकाला भरून आलं. किती दिवसांनी!

"कसं आहे?" भैय्याजींनी हातानं विचारलं, आणि डोळे बांधले आहेत हे आठवल्यावर खांद्याला हात लावला.

"वा! वा!" देवराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की खिडकीतली चिमणी उडाली. कान झाकलेल्या माणसाला आपलाच आवाज कळत नाही. गोपिकानं पाळण्याला जोरात झोका दिला. चारूनं ओठ काढले आणि परत मिटले.

मग जर्मन हेडफोन. तो हलका आणि मोकळा. भैय्याजी समजावू लागले, "यात सतारीची एकेक तार अलग अलग दिसते."

"दिसते त दुपटी वाळू घालता येतीन का तिच्यावर?" कांताबाई म्हणाल्या. मग त्यांनाही राहवेना. "आण बरं इकडे, मलेही पाहू दे." जपानी हेडफोन त्यांच्या अंबाड्यावर कसाबसा बसला. त्या चपापल्या. त्यांनी डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे, मग पूर्ण मागे. "अगं बाई! हा तबलेवाला माह्या मांगं मांगं काहून फिरून राह्यला?"

आता मामांची पाळी. देवरावांच्या कानांवर पुन्हा जपानी हेडफोन आला, पण त्याची वायर आता मामांच्या खोक्यात गेली. देवरावांनी कपाळाला आठी घातली. मग गल्लीभर ऐकू जाईल असा त्यांचा निकाल आला: "मामा, यात गांधीलमाशी शिरली का? घूं घूं करून राह्यली!"

चारू उठली. नुसती उठली नाही. आठवड्याभराची साठवलेली शांतता तिनं एका दमात परत केली.

"माह्या यंत्रात गुणगुण?" मामांना रडणं ऐकूच गेलं नाही. "तुह्या कानात मळ असंन! आवाज वाढवला का समदं बरोबर येते." आणि त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. भैय्याजींनी बटण मागे फिरवलं. मामांनी पुन्हा पुढे फिरवलं. या ओढाताणीत रेकॉर्ड संपली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सुई शेवटच्या रेघेत तशीच फिरत राहिली.

गोपिका चारूला घेऊन बाहेर आली. कांताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच नजर कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे नेली. सोमवारची मोटार जणू दाराशीच येऊन उभी राहिली. गोपिकानं देवरावांच्या खांद्याला हात लावला. बिचारे दचकले. लेक रडतेय हे स्पर्शावरूनच त्यांना कळलं असावं, कारण डोळ्यांवर दुपटं, कानांवर वाट्या अशा अवतारात ते तिला घ्यायला तडक उठले. आपण मामांच्या खोक्याला वायरीनं बांधलेले आहोत, याचा त्यांना विसर पडला. वायर ताणली गेली, फट्‌ करून निसटली आणि इतका वेळ मुका असलेला खोक्याचा कर्णा एकदम बोलू लागला.

"घूंऽऽ... ठक. घूंऽऽ... ठक. घूंऽऽ... ठक."

ताकातल्या रवीपासून कपाटाच्या काचेपर्यंत सगळं थरथरलं. सगळ्यांनी श्वास रोखला. आता पोरगी घर डोक्यावर घेणार.

चारू थांबली. अर्ध्या रडण्यात, तोंड उघडंच ठेवून. तिनं एक लांब उसासा टाकला, मूठ गालाखाली घेतली आणि झोपली.

"बंद कर, बंद कर!" म्हणत मामा शरमेनं बटणाकडे धावले.

"हात लावू नका, मामाजी!" गोपिका ओरडली. मामेसासऱ्यांवर आवाज चढवण्याची तिची ही पहिलीच वेळ. पण भैय्याजींनी तोवर बटण बंद केलंही होतं. चारूनं डोळे उघडले आणि ओठ काढले. त्यांनी घाबरून पुन्हा चालू केलं. घूंऽऽ, ठक. डोळे मिटले.

"बाबांचा विणायचा माग," गोपिका हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "उमरेडले बाळंतिणीची खोली बाबांच्या मागाच्या खोलीला लागून आहे ना. सकाळपासून दिवे लागेपर्यंत माग चाले. पोटात होती शेवटचे दोन महिने, तेव्हाही हेच ऐकत होती. आवाजानं नाही उठत हो ती. शांततेनं उठते."

पण भैय्याजींना जपानची अब्रू राखायची होती. त्यांनी तीच रेकॉर्ड, तीच सुई आणि तोच कर्णा आपल्या यंत्राला जोडून पाहिला. नुसतं कोरडं "ठक... ठक..." आलं. घूं काही केल्या येईना; यंत्र फारच निर्मळ होतं. चारू रडली आणि जपान हरलं.

मामांनी मात्र मान खाली घातली होती. "गुणगुण आहे त खरी, देवा. कबूल करतो. उद्या येऊन पाच मिनिटांत काढून देतो."

"खबरदार!" कांताबाई, देवराव आणि गोपिका एकदम म्हणाले.

कांताबाईंनी बांगड्यांवरचा रुमाल सोडला आणि कुकरची शिट्टी बाहेर काढली. "मोटारीचं राहू दे आता," त्या एवढंच म्हणाल्या. चारूला पाळण्यात ठेवलं, कर्णा दाराशी आणला. थोड्या वेळानं गोपिका पाहते तर देवराव पाळण्याखाली चटईवर घोरत होते. तेही विणकराच्याच घरचे, लहानपणी मागाशेजारी झोपलेले. कांताबाई भिंतीला टेकून डुलत होत्या. आणि आपल्या हातच्या यंत्राचं एवढं कौतुक जन्मात प्रथमच पाहणारे मामा हातात चहाची बशी धरून त्याच्याकडे बघत बसले होते.

त्या घूंघूं-ठकठकीत गोपिकाला मात्र झोप येईना. माहेरीही ती कानात कापूस घालूनच झोपायची. तिचं लक्ष बाजूला पडलेल्या जपानी हेडफोनकडे गेलं. तिनं तो कानांवर चढवला. वायर कुठेच जोडलेली नव्हती. पदराशी नुसती लोंबत होती. माग दूर, खूप दूर गेला, पार उमरेडला. इथं फक्त सगळ्यांचे चेहरे उरले. तिच्या लेकीसाठी कच्ची डाळ खाणारी ही वेडी माणसं. कुणाकुणाचे आभार मानायचे?

भैय्याजींनी खूण करून विचारलं, कसा वाटतो?

"लय छान!" गोपिका म्हणाली. "काऽहीच ऐकू येत नाही!"

ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मामांच्या हातची बशी सांडली, कांताबाई दचकून उठल्या आणि देवरावांचं डोकं पाळण्यावर आपटलं.

चारू तेवढी झोपेत हसली. आणि गोपिका हेडफोन लावून बसल्या जागी आडवी झाली, ती कुकरच्या तिसऱ्या शिट्टीनंतरही उठली नाही. ती शिट्टी तिला ऐकूच आली नव्हती.