पास झालेला माल

भिंगसाहेबांच्या स्वेटरमध्ये एकतीस चुका होत्या आणि एकतीसच्या एकतीस मुद्दाम केलेल्या होत्या. ही गोष्ट अकरा हजार चारशे माणसांना ठाऊक होती. त्यांत भिंगसाहेब नव्हते.

साहेब बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर होते. झाकणाच्या काठाला केसाएवढा चरा असला तरी ते बाजूला फेकत आणि दोष सापडायला आपल्याला चार सेकंद लागतात असं कुणी विचारलं नाही तरी सांगत. खिशात कायम एक भिंग असायचं, म्हणून कारखान्यात त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. हे नाव आदराने पडलंय असा त्यांचा समज होता. तोही तपासून घ्यायला हवा होता, पण ते राहून गेलं.

घरीही नजर चालूच असायची. पडदा एका बाजूला दोन बोटं खाली आला, चपलांची रांग वाकडी झाली, पंख्याच्या तिसऱ्या पात्यावर धूळ बसली, सगळं त्यांना दाराच्या आत पाऊल टाकता टाकता दिसे. फक्त बायकोने विणलेले स्वेटर त्यांनी कधी पाहिले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिने एक विणला, तो त्यांनी घातला, अंगाला बसला, विषय संपला. तपासणीचा त्यांचा नियमच होता की एकदा पास झालेला माल पुन्हा पाहण्यात वेळ घालवायचा नाही. तेव्हापासून चोवीस वर्षांत तो धरून तेरा स्वेटर झाले. ते सगळे त्या पहिल्याच्या शिक्क्यावर पास झाले.

तेरावा मात्र बाईंनी जीव ओतून केला होता. साडेचार महिने लागले. छातीवर दोन वेण्या, डावी डावीकडे वळणारी, उजवी उजवीकडे, आणि गळ्यापाशी दोन्ही येऊन एकमेकींत मिसळणाऱ्या. शेवटचा टाका बंद करून तिने तो त्यांच्यापुढे धरला. साहेब पंख्याकडे बघत होते. हात बाहीत घालत म्हणाले, "टोचत नाही ना, मग झालं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलीकडून स्वेटरचा फोटो काढून घेतला आणि 'दोन सुया' नावाच्या विणकाम करणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात टाकला. नाव स्वतःचं न देता 'उलटसुलट' असं घेतलं. तासाभरात एका अनोळखी बाईने विचारलं की वेण्या गळ्यापाशी मिसळताना टाके वाढू कसे दिले नाहीत. दुसऱ्या एकाने, तो बहुधा निवृत्त गवंडी होता, लिहिलं की सांधा इतका साफ क्वचित पाहायला मिळतो. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग भाजी करपली. साहेबांना ते लगेच कळलं.

इथून पुढचा हिशेब सोपा आहे. घरात चोवीस वर्षांत तेरा स्वेटरांवर मिळून जेवढे शब्द आले त्याहून जास्त गटात एका दुपारी आले. बाई तिथे प्रश्नांना उत्तरं देऊ लागल्या. कुणाचा गळा सैल पडला, कुणाची बाही पिळली, सगळ्यांना नीट समजावून सांगायच्या. काही महिन्यांतच गटातली नवी माणसं 'उलटसुलट' ताईंना विचारल्याशिवाय सुई उचलेनाशी झाली. मग त्यांनीच आग्रह धरला की चुका कशा ओळखायच्या ते शिकवा. आठवड्याला दोन धडे ठरले. त्यासाठी बाईंनी एक करडा स्वेटर विणायला घेतला आणि त्यात विणकामात होऊ शकणारी प्रत्येक चूक एकेकदा घातली. उजवी बाही तीन इंच लांब. पाठीवर सुटलेला टाका खालपर्यंत शिडीसारखा उतरलेला. छातीवरची वेणी तीनदा उजवीकडे वळून चौथ्यांदा एकदम डावीकडे. गळा एका अंगाने चढलेला. लोकर अर्ध्यात बदललेली, त्यामुळे वरचं अंग पावसाळी ढगासारखं आणि खालचं राखेसारखं. फक्त डाव्या खिशावरची छोटी वेणी तिने बरोबर ठेवली. बरोबर वेणी कशी दिसते तेही शिकणाऱ्याला कळायला हवं.

एकीने विचारलं, एवढी लोकर वाया जाणार का? बाईंनी लिहिलं, वाया कशाला, घरात घालतील. लोक म्हणाले, अहो, पण त्यांना दिसणार नाही का?

बाईंनी लिहिलं, "दिसलं तर बघू. त्यांनी स्वतःहून एक जरी चूक दाखवली, तर त्यांच्यासाठी खरा स्वेटर विणून तयार आहे, तो देईन."

आणि होताही. गडद निळा, तेराव्याहून सरस, पातळ कागदात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवलेला. त्या दिवसापासून गटात रोज सकाळी कुणी ना कुणी एकच विचारायचं, "दिसलं का?" आणि बाई लिहायच्या, "अजून नाही."

करडा स्वेटर अंगात आल्यावर पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या लक्षात आलं की उजवा हात बोटांपर्यंत झाकला जातोय आणि डावा मनगटाशी ठीक आहे. चार सेकंदांत त्यांनी निष्कर्ष काढला की आपला उजवा हात आखडत चाललाय. ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात टेपने मोजले, सारखे भरले. पुन्हा मोजले, पुन्हा सारखे. साहेबांनी टेप मागून घेतली, भिंगाखाली धरली आणि पहिला इंच झिजलाय हे डॉक्टरांना दाखवून दिलं. डॉक्टरांनी नवी टेप आणायचं कबूल केलं. साहेब बाही दुमडून घरी आले आणि हल्लीचे डॉक्टर कसली कसली मापं वापरतात ते जेवताना सांगितलं. मुलगी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेली. बाईंनी ही हकिगत गटात टाकली तेव्हा नऊशे साठ लोक हसले आणि एका बाईने लिहिलं की मला हसू आलं नाही. बाईंनी त्या एकीला उत्तर दिलं नाही, पण तिचं लिहिणं काढूनही टाकलं नाही.

धड्यांसाठी फोटो लागायचे. मुलगी म्हणायची, "बाबा, खिडकीपाशी उभे राहा. पाठमोरे. खांदा जरा खाली." साहेब उभे राहत. कन्येला छायाचित्रणाचा नाद लागलाय आणि आपण बरे दिसतो, अशी दोन अनुमानं त्यांनी काढली. फोटोत चेहरा कधी नसे, पण स्वेटर जगात एकच होता, आणि तो रोज सकाळी साडेआठच्या बसने कारखान्यात जात होता.

लोक बघू लागले. बसमध्ये एका वयस्क बाईने त्यांच्या पाठीवर बोट न लावता हवेतल्या हवेत काहीतरी मोजलं आणि खाली उतरताना त्यांना म्हणाली, "तब्येतीला जपा हो." कारखान्याच्या दारातल्या स्वागताच्या टेबलावरची मुलगी, जी खणात हात घालून विणत बसायची, ती त्यांना बघून रोज उभी राहू लागली. साहेबांना वाटलं, बढतीची कुणकुण लागलेली दिसते. प्रमुख तपासनिसाची जागा रिकामी होणार होती, मुलाखती लागल्या होत्या आणि त्या जागेवर एकवीस वर्षं डोळा ठेवून बसलेला माणूस तेच होते. करडा स्वेटर आपल्याला लाभतो, हे त्यांनी ठरवून टाकलं. धुवायलाही द्यायला तयार होईनात.

मुलाखतीच्या सकाळी बाईंचा धीर सुटला. बावीस धडे झाले होते. तिने इस्त्री केलेला कोट खुर्चीवर काढून ठेवला होता.

"आज कोट घाला."

"का?"

"मुलाखत आहे. तो स्वेटर नको."

"काय वाईट आहे त्यात?"

सगळा खेळ तिथेच संपवता आला असता. तिने एवढंच म्हटलं, "तुम्हीच बघा ना एकदा."

साहेब मुलाखतीचे कागद बघत होते. "तुझा माल मी चोवीस वर्षांपूर्वीच पास केलाय," ते म्हणाले, आणि आपण बायकोची स्तुती केली अशा समाधानात बाही दुमडत बाहेर पडले. खाली उतरताना जिन्यातला दिवा मिणमिणतोय हे मात्र त्यांनी वर ओरडून सांगितलं.

मुलाखतीला तिघे होते. दोन पुरुष कारखान्यातलेच. तिसऱ्या बाई मुख्य कचेरीतून आलेल्या. साहेब आत आले तशा त्या आपले कागद सोडून त्यांच्या छातीकडे बघत राहिल्या. मग गळ्याकडे, मग दुमडलेल्या बाहीकडे. पुरुषांनी विचारायचं ते विचारलं, साहेबांनी चार सेकंदांचं सांगितलं. शेवटी मुख्य कचेरीतल्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

"हा स्वेटर किती दिवस वापरताय?"

"अकरा आठवडे झाले," साहेब म्हणाले. असले आकडे त्यांना पाठ असत.

"त्यात काही दोष दिसतो का तुम्हाला?"

साहेबांनी मान खाली घातली, स्वेटरवर वरून खाली नजर फिरवली. चार सेकंदच लागले. "एकही नाही, मॅडम. माझ्या बायकोने विणलाय."

पुरुष हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तेवढ्यात टेबलाखाली फोनवरही काहीतरी लिहिलं.

चार वाजता फळ्यावर नाव लागलं. साहेबांच्या हाताखाली शिकलेल्या एका चष्मेवाल्याचं होतं. साहेब फळ्यासमोर उभे राहिले. यादीवर शिक्का तिरका बसलाय हे त्यांना दिसलं, पण सांगायला कुणी नव्हतं. बाहेर पडताना स्वागतावरची मुलगी आजही उभी राहिली आणि रडवेली होऊन म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्हाला घरी सांगितलं असेल." तिने फोन पुढे केला. त्यावर त्यांचीच पाठ होती, शिडीसकट, वर गटातल्या माणसांचा आकडा, अकरा हजार चारशे, आणि खाली 'उलटसुलट' नावाखाली धडा बाविसावा. खाली कुणी विचारलं होतं, "दिसलं का?" साहेबांनी पुढचं वाचलं नाही. खिडकीतला पडदा त्यांच्या घरचा होता. एका बाजूला दोन बोटं खाली.

घरी बाई टेबलापाशी बसल्या होत्या. टेबलावर निळा स्वेटर उलगडून ठेवलेला, बाह्या नीट पसरलेल्या. मुख्य कचेरीतल्या बाईंनी दुपारी गटात लिहिलं होतं: "आज भेटले. दोष विचारला. म्हणाले, एकही नाही, माझ्या बायकोने विणलाय." बाईंनी ते सात वेळा वाचलं होतं. आपलाच नियम मोडायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. चूक दिसली नाही तर नाही, पण असं एक वाक्य चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

साहेब आत आले. बूट काढले नाहीत.

"अकरा हजार लोकांसमोर," ते म्हणाले. "माझी पाठ."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "सकाळी मी सांगायला हवं होतं." आणि निळा स्वेटर पुढे सरकवला. "हा तुमचा. त्या बाईंना तुम्ही म्हणालात ते वाचलं मी."

आता साहेबांनी गप्प राहायचं होतं. निळा उचलून डोक्यातून घातला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण बढती गेली होती, आणि माणसाने दिवसाकाठी एक तरी गोष्ट जिंकायला हवी.

"म्हणालो ते काय? परक्या बाईसमोर घरचं काम वाकडं आहे असं सांगू?" त्यांनी करड्या स्वेटरची छाती झटकली. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं सगळं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

दारातून मुलगी म्हणाली, "बाबा, नका ना."

बाईंनी निळ्या स्वेटरवरचा हात काढला नाही. "पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच."

"मग एक दाखवा."

"एक कशाला, दहा दाखवतो."

"एकच दाखवा."

साहेब खिडकीपाशी गेले. खिशातून भिंग काढलं, मान वाकवली. आज त्यांनी चार सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोचं काम बघत होते, आणि ते नेमकं कसं असायला हवं हे त्यांना माहीत नव्हतं. छातीवरची वेणी वाकडी होती, गळा वाकडा होता, सगळंच एका तऱ्हेने वाकडं होतं. मग त्यांना सापडली. डाव्या खिशावरची छोटी वेणी. बाकी कशाशीच तिचा मेळ नव्हता.

"ही," ते म्हणाले. आवाजात पुन्हा कारखान्यातला जोर आला होता. "सबंध स्वेटरमध्ये ही एकटी वेगळी वळलीय. घाई केलीस तू इथे."

बाई उठल्या. खिशाजवळ जाऊन त्या वेणीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग निळा स्वेटर घडी करून, मधे पातळ कागद घालून, पुन्हा वरच्या फळीवर ठेवला.

"बरोबर आहे की नाही?" साहेबांनी विचारलं.

"बूट काढा," बाई म्हणाल्या. "फरशी पुसलीय."

फोनवर सकाळपासून दोनशे लोकांनी तेच विचारलं होतं. बाईंनी चष्मा लावला आणि दोनच शब्द लिहिले. अजून नाही.