सोड्याच्या पाण्यातले सन्मान

टबाच्या तळाशी काहीतरी सोनेरी चमकलं, तेव्हा वहिनींना आधी वाटलं, बोटातली अंगठीच निसटली. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि वर निघाली ती करंगळीएवढी पितळी पट्टी. तिच्यावर कोरलं होतं, 'वर्षातील सर्वोत्कृष्ट जॅझ रचना'. वहिनींनी पुन्हा हात घातला. 'समीक्षकांची पसंती' हाती लागली. तिसऱ्यांदा घातला, तर 'जीवनगौरव' एकदम दोन आले. मग त्यांनी हात घालायचंच थांबवलं आणि त्या टबाच्या कडेवर बसून राहिल्या.

मास्तर म्हणजे सतरा वादकांच्या जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख. पियानोवर बसून ते निव्वळ मानेनं सतरा माणसांना उठवत-बसवत. चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या रचना केल्या होत्या आणि त्यांना इतके सन्मान मिळाले होते, की दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आता मुंगीला शिरायला जागा नव्हती. सारा वाद्यवृंद त्यांच्या बायकोला वहिनी म्हणे, म्हणून आख्खी गल्लीही वहिनीच म्हणे. पण वहिनींना त्या कपाटाला हात लावायची मुभा नव्हती. किल्ली मास्तरांच्या खिशात. दर रविवारी ते स्वतः मऊ फडक्यानं कपाट पुसत. पुसत म्हणजे काय, तर एका सन्मानावरची धूळ दुसऱ्या सन्मानावर नेऊन ठेवत.

आज शहरातल्या मोठ्या संगीत सभागृहातून एक अधिकारी बाई चार वाजता येणार होत्या. सभागृहात मास्तरांच्या नावाचं दालन व्हायचं होतं. त्यासाठी प्रत्येक सन्मान पाहून, त्याची नोंद करून, बाई फोटो घेणार होत्या. मास्तर सकाळीच तालमीला गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा किल्ली दुसऱ्या कोटात राहिली. वहिनींनी कपाट उघडलं, एकोणीसच्या एकोणीस वस्तू न्हाणीघरात नेल्या आणि कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्या बुडवून ठेवल्या. भांड्यांना जे चालतं ते सन्मानांना का चालू नये, हा विचार तसा चुकीचा नव्हता. फक्त भांड्यांवर नावं चिकटवलेली नसतात.

"वन्सं!" वहिनींनी हाक मारली. "जरा इकडे या हो!"

वन्सं म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेली. ती चष्मा पुसत आली, टबात डोकावली आणि म्हणाली, "किती?"

"सगळ्या."

"दादाला कळलं तर?"

 एकदा स्वरलेखनाचं एक पान चुकून रद्दीत गेलं, तेव्हा मास्तर चार दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. ते एक पान होतं. हा आख्खा जन्म होता.

"रडू नका," वन्सं पदर खोचत म्हणाली. "एकोणीस वस्तू, एकोणीस पट्ट्या. म्हणजे उत्तर आहे. उत्तर असलं की रीत सापडते."

रीत अशी ठरली, की प्रत्येक बैठकीवर पट्टीच्या जागी जो फिकट चौकोन उमटलाय, तो मोजायचा आणि त्या मापाची पट्टी लावायची. वन्सं फूटपट्टी-पेन्सिल घेऊन बसली. अर्ध्या तासानं तिनं डोकं वर काढलं. एकोणीसपैकी सतरा चौकोन सारख्याच मापाचे होते.

"सगळे सन्मान देणारे एकाच दुकानात जातात वाटतं," ती खट्टू होऊन म्हणाली.

मग आकारावरून सुरुवात झाली. पितळी सॅक्सोफोन रचनेसाठी असणार. लाकडावर बसवलेली तबकडी ध्वनिमुद्रणासाठी असणार. पण हात वर करून उभी असलेली ती बाई कशासाठी? वहिनींच्या मते ती आनंदली होती, वन्संच्या मते जांभई देत होती. आणि 'जीवनगौरव' तर तीन होते. पहिला मास्तरांना बावन्नाव्या वर्षी मिळाला, तेव्हा ते आठवडाभर धुसफुसत होते. "मला आवरतं घ्या म्हणतायत," असं त्यांचं म्हणणं. पुढे आणखी दोनदा जीवनगौरव झाला, तेव्हा कुठे त्यांना आपण टिकाऊ आहोत असं वाटू लागलं.

वहिनींनी शेवटचा उपाय म्हणून ट्रम्पेटवाल्या काकांना फोन लावला. दात पडल्यामुळे काकांनी वाजवणं सोडलं होतं, पण एकही समारंभ चुकवलेला नव्हता.

"जांभई देणारी बाई?" काका म्हणाले. "आठवते की! त्या दिवशी जेवण फार सुरेख होतं."

"अहो, पण सन्मान कसला होता?"

"ते नाही बुवा लक्षात. पण शेवटी आइस्क्रीम होतं. आणि माशाच्या आकाराच्या सुऱ्या होत्या. म्हणजे बंदरावरच्या हॉटेलात. म्हणजे समीक्षकांचा असणार. फुकट्या लोकांनाच एवढं जेवायला घालतात."

"आणि तो सॅक्सोफोन?"

"त्या दिवशी उपाशी आलो, वहिनी. म्हणजे सरकारी."

अशा तऱ्हेनं काकांच्या पोटातून तीन पट्ट्यांचा निकाल लागला. बाकीच्या अंदाजपंचे. राहिला तो सगळ्यात मोठा, दोन कानांचा कप. वन्संनं तो उलटासुलटा केला आणि तिचा चेहरा उतरला. जिथे पट्टी होती त्याच जागी कपावर थेट कोरलेलं होतं, 'श्वान सौंदर्य स्पर्धा, दुसरा क्रमांक'.

दोघींनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"आपल्याकडे कुत्रं कधी होतं?" वन्संनं हळूच विचारलं.

"कधीच नव्हतं."

"मग दुसरा क्रमांक कुणाचा?"

हा प्रश्न सोडवायला वेळ नव्हता. वहिनींनी सगळ्यात भारदस्त पट्टी उचलली, 'संगीतकार संघाचा सर्वोच्च सन्मान', आणि कुत्र्यावर दाबून बसवली. कप मोठा, सन्मान मोठा, शोभूनही दिसला.

झटपट चिकटणारा गोंद मात्र झटपट म्हणजे खरंच झटपट होता. शेवटची पट्टी लावताना वन्संचा अंगठा तिच्यावर एक क्षण जास्त टेकला, आणि तो टेकलाच. ओढलं, फिरवलं, साबण लावला. पट्टी हलेना.

"कुठली आहे?" वहिनींनी घाबरून विचारलं.

वन्संनं अंगठा वळवून वाचलं. "जीवनगौरव."

"घ्या! अभिनंदन," वहिनी म्हणाल्या, आणि त्या तशा प्रसंगातही दोघींना हसू फुटलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. सव्वातीनच झाले होते. मास्तरांना तालमीच्या जागीच अधिकारी बाई भेटल्या होत्या, आणि ते त्यांना सोबतच घेऊन आले होते.

बाई चाळिशीच्या, नीटनेटक्या, पण चेहरा कसा ओढलेला. काखेत जाडजूड फाइल. वन्संनं उजवा हात पदरात गुंडाळून डाव्या हातानं पाणी दिलं. मास्तरांनी कपाटाकडे पाहिलं आणि ते जागीच थबकले.

"कपाट कुणी उघडलं?"

"मीच, अहो. तुमचं कसं, पाहुणे येणार आणि धूळ..."

मास्तरांचा रंग उडाला. वहिनींना वाटलं, झालं, ओळखलं यांनी.  पण मास्तरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं आणि ते बाईंना म्हणाले, "या, वरच्या फळीपासून सुरू करू. तो मोठा कप काय, नेहमीचाच. तो शेवटी बघू."

वरच्या फळीवर वहिनींचा जीव टांगणीला लागला. मास्तरांनी एक ढाल उचलली आणि सांगायला सुरुवात केली, की ही रचना बोटीवर असताना सुचली आणि हिला रचनेचा पुरस्कार मिळाला. बाईंनी वाकून पट्टी वाचली.

"पण इथे 'सर्वोत्कृष्ट नवोदित' लिहिलंय."

मास्तरांनी जवळचा चष्मा लावला नव्हता. "हो," ते म्हणाले. "नवोदितच होतो तेव्हा."

पुढच्या सन्मानावर पट्टीच नव्हती. बाईंनी विचारण्याआधीच वन्संनं तो एका हातानं उचलून मागे सारला. बाईंचं लक्षही फारसं नव्हतं. त्यांची नजर पुन्हा पुन्हा मोठ्या कपाकडे जात होती. अखेर त्यांनी तोच उचलला. पट्टी वाचली आणि फाइल उघडून वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण बाहेर काढलं.

"मास्तर, रागावू नका," त्या म्हणाल्या. "या फोटोत सर्वोच्च सन्मान घेताना तुमच्या हातात काचेचा पक्षी आहे. आणि इथे तर कप..."

मास्तर कोटाची बटणं चाचपू लागले. वहिनींना ते पाहवेना.

"माझी चूक!" त्या एकदम म्हणाल्या. "सगळं सोड्यात घातलं मी. सगळ्या पट्ट्या निघाल्या. आम्ही दोघींनी अंदाजानं लावल्या. यांना काही माहीत नाही. एक तर अजून वन्संच्या अंगठ्यावर आहे."

वन्संनं पदरातून हात काढून अंगठा दाखवला.

आता घर डोक्यावर घेतलं जाणार म्हणून वहिनींनी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहतात, तर मास्तरांच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन पडलेलं.

"अगं, मग आधी सांगायचं ना!" ते उत्साहानं म्हणाले. "होतं असं कधीकधी! पट्ट्याच त्या, इकडच्या तिकडे होणारच. बघा बाई, म्हणून हा घोळ. आपण कपाबद्दल काही लिहायलाच नको!"

'होतं असं कधीकधी' हे शब्द वहिनींनी त्यांच्या तोंडून चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण वन्सं तीस वर्षं भूमितीत घालवलेली.

"दादा," ती म्हणाली, "पट्टी इथली तिथे जाईल. पण एकोणीस वस्तूंत काचेचा पक्षी एकही नाही. पक्षी कुठे गेला?"

मास्तर पियानोच्या स्टुलावर बसले. 

"हरवला," शेवटी ते म्हणाले. "मिळाला त्याच दिवशी. एका तासात."

मग सगळं बाहेर आलं. त्या समारंभात पट्टीवर मास्तरांच्या नावातला एक काना राहून गेला होता, म्हणून आयोजकांनी ती काढून घेतली आणि नवी टपालानं पाठवतो म्हणाले. घरी पोचेपर्यंत मास्तरांच्या हातात फुलांचा गुच्छ होता, शाल होती, पक्षी नव्हता. टॅक्सीत राहिला की सभागृहात, ते त्यांना आजतागायत कळलं नव्हतं. चार दिवसांनी पट्टी मात्र इमानेइतबारे आली.

"पट्टी आहे आणि सन्मान नाही, काय करणार? जुन्या बाजारात गेलो. तेवढा एकच मोठा कप होता. कुत्र्याचा आहे हे मी पाहिलं होतं गं. पण पट्टी त्यावर बरोब्बर बसत होती."

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना कुत्र्याचा कप दाखवतेय?" वहिनी म्हणाल्या. "आणि मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? त्या दिवशी घरातून निघताना तू काय म्हणाली होतीस, आठवतंय? 'छत्र्या हरवता, चष्मे हरवता, निदान हे तरी घेऊन या.'"

वहिनींना आठवत नव्हतं. पण आपण म्हटलं असणार, याची त्यांना खात्री होती.

तेवढ्यात खुर्चीचा आवाज झाला. अधिकारी बाई मटकन खाली बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"तो आमच्याकडे आहे हो, मास्तर! माझ्या टेबलावर!"

"काय?"

"सभागृहाच्या हरवलेल्या वस्तूंत होता. नाव नाही, गाव नाही. कुणी न्यायलाही आलं नाही. माझ्या आधीचे साहेब त्याच्याखाली कागद ठेवायचे, मीही सहा वर्षं ठेवतेय. गेल्या आठवड्यात हे कात्रण फाइलला लावलं आणि माझे हातपाय गार पडले. म्हटलं, मास्तरांनी रागानं मुद्दाम टाकला असणार. विचारावं तर कसं विचारावं? आठ दिवस डोळ्याला डोळा नाही." त्यांनी फाइल मिटली. "आणि एक सांगायचं राहिलं. शेपटीचा टवका उडालाय. खिडकी आपटत होती, म्हणून एकदा मधे लावला होता."

मास्तर बाईंकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि ते असे मोकळेपणानं हसू लागले की समोरच्या घराची खिडकी उघडली. वहिनी हसल्या, वन्सं हसली, आणि बाईही डोळे पुसता पुसता हसल्या.

मग मास्तरांनी चष्मा लावला, जमिनीवर बैठक मारली आणि एकेक सन्मान हातात घेऊन खरी पट्टी सांगितली. बाई पेन्सिलनं टिपत गेल्या. दोघींचे फक्त तीनच अंदाज बरोबर निघाले, आणि ते तिन्ही ट्रम्पेटवाल्या काकांचे होते. कुत्र्याचा कप वन्संनं स्वयंपाकघरात नेला आणि त्यात चमचे उभे केले. कोमट पाण्यात तासभर बुडवल्यावर तिचा जीवनगौरवही सुटला.

बाई गेल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. उद्याच पक्षी घेऊन येते म्हणाल्या, टवक्यासकट. चालताना त्यांची पावलं हलकी पडत होती. वहिनींनी दोघांसाठी चहा केला. मास्तर खुर्चीत पाय पसरून बसले होते. इतके सैल वहिनींनी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"अगं," चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "इतकं हलकं वाटतंय ना! आता बोलतोच आहे, तर आणखी एक सांगून टाकतो. तुझ्या आईनं मला ते मनगटी घड्याळ दिलं होतं ना..."

वहिनींनी बशी त्यांच्या पुढे सरकवली.

"उद्या सांगा," त्या म्हणाल्या. "आज मला चहा निवांत पिऊ द्या."